दिलेली जागा

नेल्डा प्रिचेटनं खिडकीतला एसी बंद केला, टेलिफोन भिंतीपासून ओढत जेवणाच्या टेबलाच्या मधोमध आणून ठेवला आणि त्याच्याखाली एक फडकं घडी करून सारलं.

"फडकं कशाला?" केंड्रानं विचारलं.

"टेबल डुगडुगतं. सुनावणी घेणाऱ्या बाईला वाटायचं, मी मुठी आपटतेय."

"आपटाच. तुम्ही नुसतं 'हो मॅडम, नाही मॅडम' करत बसाल आणि ती तिकडं राजधानीत, मॉन्टगोमेरीत, तुमची फाइल मिटून जेवायला निघून जाईल."

जुलैचा महिना होता आणि एसी बंद होताच स्वयंपाकघर तापायला लागलं. शेगडीवर पिंटो घेवडे शिजत होते. नेल्डानं गॅस बारीक केला, खुर्ची ओढून बसली आणि चर्चला जाताना घालायच्या ब्लाउजची बाही सारखी केली. सुनावणी फोनवर होती, कुणी तिला पाहणार नव्हतं. पण न्यायाच्या कामाला घरातल्या कपड्यांत बसणं तिला पटलं नव्हतं.

"पुन्हा एकदा म्हणा," केंड्रा म्हणाली.

"काम कमी होतं, म्हणून मला काढलं."

"कुणी?"

"डॉयलनं."

"बस्स. त्यापुढं एक शब्द नाही. हात दुखायचे, दमायला व्हायचं, त्यातलं तर काहीच नाही."

नेल्डानं मान हलवली. केंड्राला वाटत होतं, मिस नेल्डानं हात दुखतात म्हणून गिरणी सोडली. आमच्या बेथेल गॅपमध्ये सगळ्यांनाच तसं वाटत होतं, कारण नेल्डानंच तसं सांगितलं होतं.

आमचं गाव मोजे विणायचं. आज्या विणायच्या, आया विणायच्या, मुलीही तेच करायला लागल्या. नेल्डा नववीत असताना शाळा सोडून गिरणीत आली आणि तिथंच तिचे केस पांढरे झाले. मोजा यंत्रातून निघतो तेव्हा त्याचं पुढचं टोक उघडं असतं. ते शिवण्याच्या यंत्रावर नेल्डा बसायची आणि तिच्या शेजारच्या यंत्रावर केंड्रा. मग मालकांच्या मुलांना होंडुरासचा शोध लागला. आधी पांढऱ्या मोज्यांचं काम तिकडं गेलं, मग रंगीत, आणि शेवटी यंत्रंच ट्रकात चढली. यंत्रं लावून द्यायला मुकादम डॉयल गिलियमलाही बरोबर नेलं. तो तिकडं कुठं राहतो, फोन कोणता, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. त्याच्या बायकोला विचारलं तर ती म्हणायची, तुम्हाला कळलं तर मलाही सांगा.

काम परदेशी गेल्यामुळे ज्यांची नोकरी जाते, त्यांना सरकार दोन वर्षं शिकवतं आणि शिकत असताना आठवड्याला घरखर्चापुरतं देतं. त्या कायद्याचं नाव लांबलचक आहे. आम्ही नुसतं 'ट्रेड' म्हणतो. दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर त्या वर्षी एकमेकांना हाच प्रश्न असायचा, तू ट्रेडवर आहेस का? केंड्रा ट्रेडवर होती. गॅड्सडनच्या कॉलेजात ती वेल्डिंग शिकत होती, तिच्या हातावर ठिणग्यांचे डाग पडले होते आणि ती ते अंगठ्या दाखवाव्यात तसे दाखवायची. नेल्डाचा अर्ज मात्र परत आला. गिरणी बंद व्हायच्या आधी पाच महिने ती गेली होती, आणि डॉयलनं तिच्या नावापुढं लिहिलं होतं: स्वखुशीनं काम सोडलं. काम नाही म्हणून ज्याला काढलं त्याला ट्रेड मिळतो. आपण होऊन गेलेल्याला मिळत नाही.

नेल्डाला शिकायचं होतं. हे ती कुणाजवळ बोलली नव्हती. अठ्ठावन्नाव्या वर्षी अपूर्णांक शिकायची हौस कुणाला सांगणार? नवरा गेलेला, मुलगा लष्करात. शाळेची परीक्षा दिलेली नाही म्हणून डॉलरच्या दुकानानं तिला काउंटरवर घेतलं नव्हतं, आणि चर्चमधली पोरं सांभाळून विजेचं बिल भागत नव्हतं. कॉलेजात आधी शाळेची परीक्षा द्यायची आणि मग हिशेबनीसाचं शिक्षण घ्यायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. एकदा केंड्राबरोबर काही निमित्त काढून ती गॅड्सडनला गेली, तेव्हा केंड्राच्या वर्गाला वेळ आहे म्हणून एका रिकाम्या वर्गात जाऊन बसली होती. पहिल्या बाकावर. ऑगस्टमध्ये नवं सत्र सुरू होणार होतं आणि ट्रेडमध्ये शिरायची मुदतही तेव्हाच संपत होती. आज नाही, तर मग नाहीच.

अपील करा म्हणून मागं लागली ती केंड्राच. अपिलाची मुदत तिनं पाहिली, पाकीट टपालात तिनं टाकलं, साक्षीदार म्हणून तिनं आपलं नाव दिलं. खरं तर तिच्याच मागं व्याप कमी नव्हते. नेल्डानं गिरणी सोडली त्याच वसंतात तिच्या नवऱ्याला, वेड त्याचं नाव, दूर चॅटनूगात मोटारींच्या कारखान्यात काम लागलं होतं. आधी तो दर शनिवारी यायचा, मग एकाआड एक शनिवारी, मग घटस्फोटाचे कागद आले. मुलगी हेली केंड्राजवळ राहिली. नेल्डाचं वेडबद्दलचं मत पहिल्यापासूनच बरं नव्हतं, आणि तिनं ते कधी लपवलंही नव्हतं.

फोन वाजला. दोघी दचकल्या. नेल्डानं बटण दाबलं.

पलीकडच्या बाईनं आपलं नाव मिसेस टेट असं सांगितलं. आवाज सर्दी झाल्यासारखा होता, पण वाकडा नव्हता. गिरणीतर्फे कुणी हजर नाही, असं तिनं सांगितलं. मग शपथ देते म्हणाली. नेल्डानं उजवा हात वर केला आणि शपथ संपेपर्यंत तो तसाच धरून ठेवला. केंड्रा खाली बघून हसू दाबत होती.

"साक्षीदारानं आता बाहेर थांबायचं. गरज पडली की मी बोलावीन."

केंड्रानं ओठ हलवून नुसतंच 'डॉयलनं काढलं' असं म्हटलं आणि मागचं दार लावून घेऊन आवारातल्या अक्रोडाखाली जाऊन उभी राहिली.

"मिसेस प्रिचेट, तुम्हाला जायला कुणी सांगितलं?"

उत्तर पाठ होतं. नेल्डानं तोंड उघडलं आणि तिला नुकताच वर केलेला आपला हात दिसला. ती खोटं बोलणारी बाई नव्हती असं मी म्हणणार नाही. हात दुखतात हे खोटं ती सव्वा वर्षं सांगत होती. पण ते देवाच्या नावानं सांगितलेलं नव्हतं.

"कुणी नाही, मॅडम. मीच सांगितलं, मी जाते."

"म्हणजे तुम्ही राजीनामा दिलात."

"राजीनामा नाही. जागा दिली."

"ते काय असतं?"

आता हे मॉन्टगोमेरीच्या माणसाला कसं सांगायचं? आमच्या गिरणीत कपात यायची ती यंत्रांच्या ओळीमागं एक बाई, अशी. मालक डोकी मोजायचा, तोंडं पाहायचा नाही. शुक्रवारी सकाळी डॉयल ओळीतून चालत यायचा आणि जिला काढायचं तिच्या यंत्रावरचा दिवा मालवायचा. तोंडानं काही बोलायचा नाही. पण त्याआधी कुणाला सुगावा लागला, आणि जिच्यावर पाळी आलीय तिच्या पदरात लहान मूल आहे किंवा घरात आजारी माणूस आहे असं असलं, तर एखादी पिकल्या केसांची बाई गुरुवारी संध्याकाळी डॉयलला गाठून सांगायची, तिच्याऐवजी मला घे. याला जागा देणं म्हणतात. दिली की विसरायचं. जिच्यासाठी दिली तिला तर कधीच कळू द्यायचं नाही, नाहीतर ती बिचारी जन्मभर ओझ्याखाली राहते. नेल्डा तरुणपणी दोन पोटं चालवत होती, तेव्हा तिच्यासाठीही कुणी जागा दिली असेल. तिला ते ठाऊक नव्हतं आणि नसायलाच हवं होतं.

नेल्डानं हे सगळं सांगितलं, अडखळत, पुढचं मागं आणि मागचं पुढं करत. मिसेस टेटनं मध्ये तोडलं नाही.

"तुमच्या ओळीत त्या आठवड्यात कुणाची पाळी होती?"

नेल्डानं मागच्या दाराकडं पाहिलं.

"हे सांगायलाच हवं का?"

"नाव नसेल तर ही फक्त तुमची गोष्ट राहते, मिसेस प्रिचेट. त्या आठवड्यात खरोखर कुणालातरी काढणार होते हे मला कळलं, तर गोष्ट वेगळी होते. जागा जाणारच होती, ती कुणी घ्यायची एवढंच तुम्ही ठरवलंत, असं होतं."

"केंड्रा मॅकब्रायर," नेल्डा म्हणाली. "बाहेर उभी आहे ती. तिला यातलं काही ठाऊक नाही, मॅडम. डॉयल गुरुवारी मला म्हणाला, केंड्राची मोज्यांची उरलेली पेटी उद्या तू संपव. त्यावरून मी ओळखलं. पोर लहान, नवरा तो तसला. मला राहवलं नाही."

"तिला आत बोलवा."

केंड्रा घाम पुसत आत आली. नेल्डाच्या चेहऱ्याकडं बघूनच तिला कळलं की पाठ केलेलं वाया गेलं. तिनं डोळे मोठे केले. नेल्डानं मान फिरवली.

मिसेस टेटनं तिलाही शपथ दिली आणि मग सरळ विचारलं, "मिसेस प्रिचेट म्हणतात, गेल्या वर्षी मार्चमध्ये काढायच्या यादीत तुमचं नाव होतं आणि तुमच्याऐवजी त्या गेल्या. तुम्हाला याची काही कल्पना होती?"

केंड्रा उभीच होती. तिनं खुर्चीची पाठ धरली. घेवडे खाली लागल्याचा वास येऊ लागला, तरी कुणी गॅसकडं गेलं नाही.

"मिसेस मॅकब्रायर?"

"मी ट्रेडवर आहे," केंड्रा म्हणाली. तिचा आवाज एकदम सपाट झाला होता. "आता मी जे सांगेन त्यानं माझं बंद होणार आहे का, ते आधी सांगा."

"गिरणी बंद होईपर्यंत तुम्ही कामावर होता?"

"शेवटच्या दिवसापर्यंत."

"मग तुमचं काही होणार नाही. बोला."

"माझं नाव यादीत होतं, हे मला माहीत आहे. मीच घालायला लावलं होतं."

नेल्डानं वर पाहिलं.

"माझ्या नवऱ्याला चॅटनूगाला काम लागलं होतं," केंड्रा फोनकडं बघून बोलत होती. "आम्ही सगळे जाणार होतो. मी आपण होऊन सोडलं असतं तर बेकारीचा भत्ता मिळाला नसता, आणि तो नसता तर तिकडं घर भाड्यानं घेणं जमत नव्हतं. मी डॉयलला म्हटलं, तुला ओळीतून एक काढायचीच आहे, तर मला काढ, आणि कुणाला सांगू नकोस. बोभाटा झाला तर कागदावर मी सोडून गेले असं होईल. तो हो म्हणाला. शुक्रवारी मी डबासुद्धा नेला नव्हता. आणि त्यानं दिवा मालवला तो मिस नेल्डांचा. त्या म्हणाल्या, हात दुखतात, मीच त्याला जाते म्हणून सांगितलं."

"तुम्ही त्याला विचारलं नाहीत?"

"विचारलं. म्हणाला, नशीब समज. माझा हात जलद चालायचा, त्याला मी हवीच होते. मला वाटलं, त्यानं मला फसवलं. इतके दिवस मी त्या माणसाला शिव्या देतेय."

"त्या आठवड्यात तुमच्या ओळीतून एक बाई जाणार होती, हे तुम्ही शपथेवर सांगता?"

"एक जाणारच होती. मी, नाहीतर दुसरी कुणीतरी. मिस नेल्डा गेल्या ते काम कमी झालं म्हणूनच, मॅडम. दुसरं कारण नव्हतं."

कागदावर पेन फिरल्याचा आवाज आला. निकाल टपालानं येईल, असं मिसेस टेटनं सांगितलं, दोघींचे आभार मानले आणि फोन ठेवला.

केंड्रानं जाऊन गॅस बंद केला. भांडं उचलून तिनं ते सिंकमध्ये ठेवलं आणि त्यात पाणी सोडलं. चांगलं करायला गेलं की ते चांगलंच होतं, असं नेल्डाला आजवर वाटत आलं होतं.

"मला एका शब्दानं सांगितलं असतंस तर," ती म्हणाली.

"तुम्ही एका शब्दानं विचारलं असतंत तर," केंड्रा म्हणाली. मग तिनं गाडीची किल्ली उचलली. "हेलीला आणायचंय."

गाडी वळून निघून गेली तरी नेल्डा बसून होती. उकाड्यानं ब्लाउज पाठीला चिकटला होता. एसी लावायचं तिला सुचलं नाही.

निकाल पुढच्या आठवड्यात आला. नेल्डानं तो रस्त्याकडेच्या टपालपेटीपाशी उभ्या उभ्याच वाचला. मिसेस प्रिचेट या मदतीस पात्र आहेत. तिला आनंद झाला. खोटं कशाला बोलावं, फार आनंद झाला. घरात येऊन तिनं फोन उचलला, केंड्राचा नंबर अर्धा फिरवला आणि ठेवून दिला. रविवारी चर्चमध्ये केंड्रा पलीकडच्या बाजूला बसली. एरवी हेली धावत येऊन नेल्डाच्या पर्समधल्या गोळ्या शोधायची. त्या दिवशी आईनं तिला बाजूच्या दारानं नेलं. दोन-चार जणींनी ते पाहिलं, आणि आमच्या गावात दोन-चार जणींनी पाहिलं म्हणजे सगळ्यांनी पाहिलं. कारण मात्र कुणालाच कळलं नाही. दोघीही मूग गिळून होत्या.

ऑगस्टमध्ये नेल्डा आपली गाडी घेऊन एकटीच गॅड्सडनला जाऊ लागली. वर्गात तिच्या मुलापेक्षा लहान मास्तर होता. तो तिला 'मिस नेल्डा, मॅडम' म्हणायचा आणि तिची उत्तरं चुकली की स्वतःच लाजायचा. ती पहिल्या बाकावर बसत नव्हती. मागं बसायची.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी ती कॉलेजच्या खाणावळीत सँडविच खात होती, तेव्हा समोर एक ट्रे आदळला. केंड्रा चामड्याचा एप्रन न सोडताच येऊन बसली. तिच्या कपाळावर वेल्डिंगच्या मुखवट्याचा लाल वळ उठला होता. तिनं आधी अर्धा ग्लास गोड चहा पिऊन टाकला.

"वेडला फोन केला होता मी," ती म्हणाली. "झालं ते सगळं सांगितलं त्याला."

नेल्डानं सँडविच खाली ठेवलं.

"मग म्हणाला, त्याला वाटत होतं मीच ऐन वेळी नाव काढून घेतलं. माझी यायची इच्छा नव्हती आणि तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून डॉयलवर ढकलतेय. इतके दिवस तो तेच धरून होता."

"अगं, पण तू त्याला तेव्हाच सांगितलं होतंस ना?"

"सांगितलं होतं. त्याचा विश्वास बसला नव्हता. यादीत नाव असलेली बाई कधी कामावर राहते का, असं म्हणायचा. त्याचं तरी काय चुकलं?"

शेजारच्या टेबलावरची पोरं कशावरून तरी हसत उठली.

"मग आता?" नेल्डानं विचारलं.

"आता काय? ऑक्टोबरात लग्न आहे त्याचं. बाई चांगली आहे म्हणतो."

नेल्डानं टेबलावरचा हात पुढं केला आणि मध्येच थांबवला. वेड मुळातच टिकणारा नव्हता, हे वाक्य तिच्या जिभेवर शेकडो वेळा येऊन गेलं होतं. आज ते तिला म्हणवेना.

"केंड्रा, मी…"

"नका म्हणू. तुम्ही माफी मागाल आणि मग मला काहीतरी म्हणावं लागेल. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करीन की नाही तेही मला माहीत नाही."

"बरं," नेल्डा म्हणाली.

केंड्रानं तळलेली भेंडी तोंडात टाकली आणि नेल्डाच्या कोपराखालच्या वहीकडं पाहिलं. पानभर खाडाखोड होती.

"हे काय करून ठेवलंय?"

"अपूर्णांकांची बेरीज. तो पोरगा दोनदा समजावून गेला. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते."

"खालच्या आकड्यांचीसुद्धा बेरीज केलीत तुम्ही. खालच्यांची बेरीज नसते करायची."

"मग त्यांचं काय करतात?"

केंड्रानं एप्रनला हात पुसले आणि वही आपल्याकडं फिरवून घेतली.